थोरलीची काठी

उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. पण ही गोष्ट सांगताना मी भागवत, भागवत असंच म्हणणार आहे. मान राखावा असं या प्रकरणात त्यानं काही केलेलं नाही. माझ्या भावाचं नाव जीवन. ते घेतानाही आता तोंड कडू होतं, पण त्याच्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या जवळ. गावाच्या वरच्या अंगाला आमचं टेकाड आहे, नुसता मुरूम. माझे सासरे उकंडराव यांनी तिथं तूर पेरून पाहिली, तीळ पेरून पाहिला, आणि शेवटी कंटाळून सगळ्या टेकाडावर साग लावला. गावानं पोटभर हसून घेतलं. उकंडरावानं पणतवाच्या म्हातारपणाची सोय केली म्हणाले. सासरेही वस्ताद होते. हसणाऱ्यांना ते चहा पाजायचे आणि जाताना एकेक खड्डा खणायला लावायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा झाडं माझ्याएवढी होती. पहिल्या हिवाळ्यात सासऱ्यांनी माझ्या हाती कोयता दिला आणि मला टेकाडावर नेलं. भागवतला त्या झाडांचा कंटाळा होता. तो खालच्या वावरात वांगी-टमाटे करायचा आणि अजूनही करतो. मला मात्र तिथं करमायला लागलं. बगलेचे फुटवे कसे काढायचे, दाटी झाली की कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं, उन्हाळ्याआधी टेकाडाभोवतीचं गवत खरवडून वणवा अडवणारा पट्टा कसा ठेवायचा, हे सगळं मला सासऱ्यांनी शिकवलं.

"पोरी, वाकडं काढाव अन् सरळ ठेवाव," ते म्हणायचे. "मानसात लोकं उलटं करतात. तू तसं करू नोको."

सासरे गेले आणि टेकाड माझं झालं. सातबाऱ्यावर भागवत आहे, पण टेकाडाला विचाराल तर ते माझंच नाव सांगेल.

त्या झाडांमध्ये एक होती थोरली. सासऱ्यांनी लावलेलं पहिलं झाड, म्हणून हे नाव. उताराच्या घडीत पाणी मुरायचं तिथं ती होती, त्यामुळं बाकीच्यांपेक्षा वर गेली आणि गेली ती अशी सरळ की खालून पाहताना मान दुखायची. पण तिचं खरं मोल उंचीत नव्हतं. तिच्या बियांची रोपंही तिच्यासारखीच सरळ निघायची. दर वर्षी तिची फळं गोळा करायची, शेणाच्या पाण्यात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, मग वाफ्यात टाकायची. रोप अंगठ्याएवढं जाड झालं की उपटून, वरचं-खालचं छाटून त्याची जडी करायची. सागाची लागवड अशा जड्यांनीच होते. हिवरा आश्रमाकडून, देऊळगाव राजाकडून लोक यायचे आणि विचारायचे, थोरलीच्या जड्या आहेत का? माझ्या नावाला या जिल्ह्यात काही किंमत होती ती या झाडामुळं होती.

तिच्या अंगात एक तार होती. फार वर्षांपूर्वी सासऱ्यांनी कुंपणाची तार तिच्या बुंध्याला गुंडाळली होती, आणि वाढता वाढता तिनं ती गिळून टाकली. छातीएवढ्या उंचीवर सालीला नुसती एक मुडप उरली होती, मिटलेल्या ओठासारखी. मी जाता-येता तिथं हात ठेवायचे.

आता जीवन. माझा धाकटा भाऊ, देऊळगाव राजाला त्याचं आरा मशीन आहे. विरळणीत, म्हणजे दाटीतली वाकडी झाडं काढताना, निघालेल्या माझ्या बल्ल्या तोच नेतो. वनखात्याची परवानगी, वाहतुकीचा पास, ट्रॅक्टर, सगळं तोच बघतो. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे जीवन आणि त्याची बायको अपेक्षा, एवढंच. वर्षातून दोनदा तिकडची भाकरी खायची आणि त्यावर वर्ष काढायचं, हे सासरी नांदणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा त्यानं विषय काढला. त्याचं नवं घर बांधून होत आलं होतं.

"ताई, चौकटीले अन् दाराले थोरली देतं का? एका लाकडाचं अख्खं दार करतो. अशा रुंदीचं दार देऊळगावात कोनाच्या घरी नाही."

"बाकी कोनतंबी घे," मी म्हटलं. "पैसेबी देऊ नोको. पन थोरली नाही."

"काऊन बरं?"

"ती बियाची आहे. तुले माहीत आहे."

तो हसला. "बरं बरं, राहू दे. उगाच इचारलं."

आणि भाऊबीजेला त्यानं काय आणावं? दरवर्षी साडी आणणाऱ्या भावानं त्या वर्षी झाडं कापायचं नवं कोरं कटर मशीन आणलं. नव्या टॉवेलात गुंडाळलेलं. मी ओवाळलं आणि त्यानं ते माझ्या हातांत ठेवलं. "किती दिवस भाड्याचं आनशीन, ताई?" म्हणाला. मी रडले. आजूबाजूच्या बाया मशीन पाहायला आल्या, आणि असा भाऊ पाहिला नाही म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्जुनराव आमच्या दारात आले. अर्जुनराव म्हणजे आमच्या खंडोबाच्या देवस्थानाचे पुढारी, गावनात्यानं माझे मामंजी. सोबत चार माणसं, हातात नारळ, भंडाऱ्याची वाटी. देवाची जुनी काठी उन्हाळ्यातल्या वावटळीत मोडली होती, आणि चंपाषष्ठीला नवी उभी करायची होती.

आमच्या गावात काठीचं मागणं असंच येतं. लाकूड विकत घ्यायचं नाही, मागायचं. घरच्या बाईनं नारळ पदरात घेतला की झाड देवाचं झालं. त्यानंतर देणाऱ्या घरानं त्याची विचारपूस करायची नाही, त्याच्या मागं जायचं नाही, तासलेलं उघडं लाकूड बघायचं नाही. मन अडकतं म्हणतात. काठी भगव्या वस्त्रात पायापासून शेंड्यापर्यंत गुंडाळून उभी राहिली की मगच दर्शनाला जायचं. ते वस्त्रही कधी सोडत नाहीत. दर वर्षी जुन्यावरच नवं गुंडाळतात.

"बाई, थोरली पाह्यजे," अर्जुनराव म्हणाले.

"मामंजी, तिच्या शेजारची देतो ना. तेबी सरळ आहे."

"देवासमोर थोरलीचं नाव निंगून गेलं, बाई. आता दुसरी कशी नेऊ?"

मी भागवतकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता. मी आत जाऊन जीवनला फोन लावला. माझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कोण होतं?

"देवानं मांगतली, ताई, तर नाही म्हनू नोको," तो म्हणाला. "म्या तरी मांगून पाह्यली होती, तू दिली नाही. पन देवाले कोन नाही म्हनते? मी आहे ना. परवानगीचं मी पाहातो. माह्या मशीनवर गोल करून, वस्त्र नेसवून आनून देतो. फुकट."

मी बाहेर आले आणि नारळ पदरात घेतला. वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. जीवनच्या दारात उभी राहण्यापेक्षा देवापुढं उभी राहील. सगळा गाव तिला हात जोडील. मी मनाची समजूत घातली आणि ती पटलीसुद्धा.

तोडायच्या आदल्या दिवशी कटरची साखळी मीच कानसली. बोथट साखळीनं झाड फाडत नेलेलं मला बघवलं नसतं. दात न् दात धारेला लावला. सकाळी थोरलीला हळदीकुंकू लावून तिची ओटी भरली, खण-नारळ, तांदूळ, सगळं. मशीन जीवननं हातात घेतलं.

"हिच्या अंगात तार आहे," मी त्याला मुडपेवर हात ठेवून दाखवलं. "तुह्या आऱ्याचं पातं मोडंल. जपजो."

"आरा लावायचाच नाही, ताई. रंधा मारून गोल करायची फक्त. तू जाय आता."

मी निघाले. मशीन सुरू झालं. ती पडली तेव्हा पायांखालची जमीन हलली आणि पाखरं उठली. रीत होती म्हणून मी मागं वळून पाहिलं नाही. आता वाटतं, रीत गेली खड्ड्यात, वळून त्याचं तोंड बघायला हवं होतं.

चंपाषष्ठीच्या सकाळी, गाव जमायच्या आधीच, जीवनच्या क्रेनवर काठी आली. वस्त्र त्याच्या आरा मशीनवरच गुंडाळलेलं होतं. खड्ड्यात उतरायचा मान आमच्या घराचा, म्हणून भागवत उतरला. वाळवी लागू नये म्हणून यंदा खालून सिमेंट भरायचं ठरलं होतं. ही युक्ती जीवनची, आणि अर्जुनरावांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. उजाडल्यावर आम्ही बाया गेलो तेव्हा काठी उभी होती. येळकोट येळकोट झालं, भंडारा उधळला. मी काठीला कपाळ टेकवलं आणि हळूच म्हटलं, "थोरले, बरी आहे ना वं?"

हसायचं त्यानं हसावं. पुढं सगळा हिवाळा मी दर रविवारी जाऊन तिच्याशी बोलले. वाफ्यातली रोपं कशी आहेत ते सांगितलं. तिच्या शेवटच्या बियांची एवढीच रोपं उरलीत, जपते आहे म्हटलं. कोणाशी बोलत होते मी! आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

वैशाखात जीवनच्या घराची वास्तुशांती झाली. देऊळगावला भर बाजाराच्या रस्त्याला दुमजली घर. चौकटीची पूजा बहिणीच्या हातची, असा अपेक्षाचा आग्रह होता. तिनं मला नवी पैठणी नेसवली, ताट हातात दिलं. पाहुणे गोळा झाले. दार खरंच देखणं होतं. एकाच लाकडाची रुंद फळी, नुसतं तेल पाजलेलं, रेषा न् रेषा दिसत होती.

मी चौकटीला हळदीची बोटं ओढली. मग पाचही बोटांचा हात दारावर उठवायला तळवा टेकवला, आणि तिथंच थांबले. छातीएवढ्या उंचीवर लाकडात निळसर काळी रेघ होती, वाकडी, आडवी. रेघेच्या टोकाला बारीक भोक, लाखेनं बुजवलेलं. सागात लोखंड राहिलं की लाकूड त्याच्याभोवती असंच काळं पडतं. तिच्याच उंचीवर. माझ्याच हाताखाली.

"हे लाकूड कुठलं रे, जीवन?" मी विचारलं.

"बैतूलचं," तो म्हणाला. चटकन, माझा प्रश्न पुरता व्हायच्या आत. "एमपीतून मागवलं. काऊन, ताई?"

"काही नाही."

पूजा कशी पुरी केली ते मला माहीत नाही. पानं मांडली होती, पण मी डोकं दुखतं म्हणून उठले. माहेरच्या वास्तुशांतीला बहीण न जेवता उठली! अपेक्षा दारापर्यंत आली, पदर धरून विनवलं तिनं. मी भागवतला म्हटलं, गाडी काढा. तो एक शब्द न बोलता उठला. त्या वेळी मला वाटलं, समजूतदार माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीवन आणि अपेक्षा आमच्याकडं आले. अपेक्षानं डब्यात पुरणपोळ्या आणल्या होत्या.

"ताई, माहं काय चुकलं ते सांग," तो ओसरीवर बसत म्हणाला. "पाहुन्यात माहं नाक कापलं तू. अपेक्षा रडून राह्यली कालपासून."

मी सरळच बोलले. "तुह्या दारात तार होती. थोरलीची."

मग त्याचे डोळे भरले. खोटं नाही सांगत, खरोखर भरले. "लाकडात तार काय एका थोरलीतच असते? जंगलातल्या झाडायले लोकं काय काय ठोकतात. ताई, मी देवाचं लाकूड घरात लावीन? तुह्या भावाबद्दल हे आलं तुह्या मनात?"

"मंग बेलभंडारा उचल," मी म्हटलं.

आमच्याकडं बेलभंडारा उचलणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. घराण्याची आण असते ती. भाऊबंदकीत वावरांचे तंटे तिथं मिटलेत, कारण खोटं बोलणाऱ्याचा हात उठत नाही.

"चाल," जीवन म्हणाला. चपलाही न घालता निघाला.

आम्ही तिघं देवळापाशी गेलो. भागवत आला नाही. त्याला नेमकं तेव्हाच बैलांना पाणी दाखवायचं होतं. जीवननं उजव्या हातात बेल आणि भंडारा घेतला, डावा हात काठीवर ठेवला, माझ्या डोळ्यांत पाहिलं. "खंडोबाची आन. ही उभी आहे तेच थोरली. माह्या दारात तिची ढलपीबी नाही."

हात जरासुद्धा थरथरला नाही.

मी फुटलेच. भर देवळासमोर त्याच्या गळ्यात पडून रडले. मला माफ कर म्हटलं. झाडाच्या मायेत मी येडी झाली म्हटलं. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या रुमालानं माझे डोळे पुसले. घरी आणून मी त्याला जेवू घातलं, त्यानंच आणलेल्या पोळ्यांवर तुपाची धार धरून. "ताई, आता पुन्हा मनात आनू नोको," तो म्हणाला. निघताना पाया पडला माझ्या.

ते दोन-तीन दिवस मला इतकं हलकं वाटलं! झाड गेलं होतं, पण भाऊ होता. आणि अशा भावावर मी असला आळ घेतला, याची टोचणीही होती. म्हणून रविवारी मी नारळ घेतला आणि दुपारी, देवळात कोणी नसताना, काठीपाशी गेले. देवाची माफी मागायची होती, आणि थोरलीचीही, की तुझ्या नावानं मी भावाला चोर ठरवलं.

ऊन मी म्हणत होतं. मी डोळे मिटून काठीला कपाळ टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. चटका बसला होता. आजवर मी सकाळच्या गारव्यातच आले होते. वस्त्रातून चटका? माझं अर्धं आयुष्य लाकडांत गेलं. भर उन्हात पडलेल्या बल्ल्या मी खांद्यावर वाहिल्यात. लाकूड असं तापत नाही.

हातातल्या नारळानं मी काठीवर ठोकलं.

वाजली. आतून, वरपर्यंत, बराच वेळ वाजत राहिली. शाळेच्या घंटेला एवढा नाद नसेल.

मी पुन्हा ठोकलं नाही. तिथंच खाली बसले. शपथ घेताना त्याचा हात का थरथरला नाही, ते आता कळलं. ज्या काठीवर हात ठेवून तो बोलला, ती त्याच्यासाठी देवाची काठी नव्हतीच. त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाळून आणलेला पाइप होता. देव कुठं नाही ते त्याला नेमकं माहीत होतं, आणि मला तो तिथंच घेऊन आला होता. केसानं गळा कापला माझा. वर त्याच हातानं माझे डोळे पुसले.

नारळ तिथंच टाकून घरी गेले. भागवत ओसरीवर वांग्यांची प्रतवारी करत बसला होता.

"खड्ड्यात तुमी उतरले होते," मी म्हटलं.

तो वांगी निवडत राहिला.

"वस्त्र गुंडाळलं तरी बुडाचं तोंड उघडं राह्यते. तुमाले दिसलं."

"दिसलं," तो म्हणाला.

"कधी सांगनार होते?"

"कसं सांगू?" त्यानं हातातलं वांगं खाली ठेवलं. "जीवन म्हने, झाड आतून पोकळ निंगालं, काठी टिकली नसती, अन् ताईले कळलं तर जिवाले लावून घेईन. मले खोटंच वाटलं ते. पन सुचिता, गावानं त्याले देवळाची पायरी चढू देलं नसतं. तुहं माहेर तुटलं असतं. तुले तेवढं एकच तर घर आहे तिकडं. म्हनून मुकाट्यानं सिमेंट लोटलं."

"अन् शपथ घेतली तवा?"

"तवा बैलाले पानी पाजून राह्यलो होतो."

मला राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं मला समजत होतं. माझं माहेर टिकावं म्हणून नवऱ्यानं मला रविवारमागून रविवार लोखंडाशी बोलू दिलं. मी देवळातून परत आले की तो विचारायचा, "बोलून आली का थोरलीशी?" विचारायचा तो! दोघांपैकी कोणाचा राग जास्त यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी भिंतीवरचा कोयता घेतला.

"काय करतं?" भागवत उठला.

"विरळनी," मी म्हटलं.

देवळापाशी गेले आणि काठीचं वस्त्र कमरेपासून खाली एका रेघेत चिरलं. पाइप निघाला, वर गेरव्या रंगाचा हात मारलेला. कोणीतरी ओरडलं, लोक धावले. अर्जुनराव टोपी सावरत आले, आणि त्यांचं तोंड पाहून मला कळलं की या माणसाला खरंच काही माहीत नव्हतं.

"मामंजी," मी विचारलं, "थोरलीचं नाव देवासमोर पह्यल्यांदा कोनं काढलं होतं?"

"जीवनरावच म्हनले होते," ते म्हणाले. "म्हने बहिनीची लई इच्छा आहे, पन तुमी मांगाव अशी वाट पाहून राह्यली." मग एकदम भानावर आले, उपरण्यानं पाइप झाकायला लागले. "झाक, बाई, झाक. सारा गाव पाया पडला याच्या. लोकायनं मुलं घातली याच्या पायी. आता काय सांगू त्यायले?"

"जे आहे तेच सांगा," मी म्हटलं, आणि उपरणं बाजूला केलं.

एक म्हातारी भंडाऱ्याची पुडी घेऊन आली होती. ती पुडी तशीच मुठीत धरून उभी राहिली. तिला कुठं वाहावी ते कळेना. तिच्याकडं पाहून मात्र माझा धीर सुटायला आला. देव माझ्या एकटीचा थोडाच गेला होता.

मी जीवनला फोन लावला. आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बोल ताई!" तो म्हणाला. आनंदात होता. "जेवली का?"

"जीवन, मी काठीजवळ उभी आहे."

मी फोन लोकांकडं वळवला.

"गावबी आहे. तू फक्त आयक."

मी नारळ उचलला आणि उघड्या लोखंडावर मारला. पाइप खणखणला. तो आवाज विरेपर्यंत मी वाट पाहिली.

"आयकलं का?"

"ताई," तो म्हणाला, "काही आयकू नाही येऊन राह्यलं. इथं रेंज नाही."

देऊळगावात भर बाजारात त्याचं घर आहे, समोरच्याच गच्चीवर टॉवर आहे. माझ्या हळदीचा हात उठलेल्या दारात उभा राहून तो बोलत असणार. फोनवर बोलताना दारात उभं राहायची त्याची जुनी सवय.

"बरं," मी म्हटलं. "मंग पुन्हा वाजवतो." आणि नारळ फुटेपर्यंत वाजवत राहिले.